बिंगसू, मोची आणि अण्णांचा रंधा

आधीच सांगून टाकते, बर्फाच्या बाबतीत मी जरा खडूस आहे. आमच्या अण्णांची डोंबिवलीत शाळेबाहेर तेवीस वर्षं गोळ्याची गाडी होती. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, लाकडी रंधा आणि सात रंगांच्या सरबताच्या बाटल्या, एवढ्यावर आमचं घर चाललं. त्यामुळे दहावीचा निकाल लागल्यावर लेक म्हणाली, ‘‘आई, बिंगसू खायला जाऊया,’’ (बिंगसू म्हणजे कोरियातला भुरभुरीत बर्फाचा गोड पदार्थ) तेव्हा अण्णांनाही गाडीत बसवलं. दुकान ठाण्यात, घोडबंदर रोडला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि काउंटरवरची पोरं मात्र खरंच चांगली होती.

शनिवारी संध्याकाळी गेलो ही पहिली चूक. चाळीस मिनिटं बाहेर उभं राहून आत शिरलो तर एसी फुल्ल, भिंतीवर गुलाबी दिवे, आणि प्रत्येक टेबलावर कुणीतरी मोबाइल आडवा धरून चीज ताणतंय.

आम्हीही ताणलं. कॉर्न डॉग २४० रुपयांना, आमचा व्हेज, म्हणजे काडीला नुसता मोझरेलाचा ठोकळा आणि बाहेरून बटाट्याचे चौकोनी तुकडे चिकटवून तळलेला. वरून साखर भुरभुरवतात. तळणीवर साखर बघून अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती टाकली. पण ती साखर जमते बरं का, खारट चीजवर छान लागते. गडबड पिठात होती. कोरियात हे पीठ बऱ्याचदा फुगवलेलं असतं, चावताना पावासारखं लवचिक लागतं. इथलं सरळ भज्याचं. शिवाय लेकीने व्हिडिओचा अँगल लावेस्तोवर चीज थिजलं, आणि तार निघायच्या ऐवजी तुकडा पडला.

तोकबोकीबद्दल फार लिहीत नाही. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या नळ्या, तिखट-गोड लाल रश्श्यात. रश्श्याची खरी चव गोचुजांगची, म्हणजे मिरची आणि सोयाबीन आंबवून केलेल्या पेस्टची. इथे टोमॅटो केचप पुढे आणि गोचुजांग कुठेतरी मागच्या बाकावर. नळ्या आतून कच्च्या. उकड नीट वाफली नाही की मोदकाची पारी दाताला जशी चिवट लागते, अगदी तशा. ३२० रुपये.

आणि आता खरा राग. सगळं एकदम आणलं! तिखट, तळलेलं आणि बर्फ, सगळं एका ट्रेमध्ये. गरम खाऊन होईपर्यंत बर्फाने काय करायचं? मी विचारलं तर उत्तर आलं, ‘‘मॅम, ऑर्डर एकच होती ना.’’ जाल तेव्हा गोडाची ऑर्डर वेगळी द्या, एवढं लक्षात ठेवा.

दोन बिंगसू घेतले होते. आंब्याचा ३८० चा. मे महिना, ठाणे शहर, बाहेर रस्त्यावर हापूसच्या पेट्या, आणि आत डब्यातला पल्प! चौकशी केली तर म्हणे वर्षभर चव सारखी राहावी म्हणून. वर्षभर सारखी राहते तो आंबा कसला.

पण दुसरा, पातबिंगसू, तो बघा. ‘पात’ म्हणजे लाल कडधान्य, इथे ते गोड शिजवलेलं. दाणा अझुकीचा, आपल्या चवळीचा चुलतभाऊ. अण्णांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, ‘‘हे पुरणच की, वाटायचं राहिलेलं.’’ मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. खालचा बर्फ म्हणजे निव्वळ कमाल. कण नाही, दाताखाली करकर नाही. जिभेवर ठेवला की आधी थंडी लागते आणि मागून दुधाची चव येते. गोळ्याचा बर्फ पाण्याचा, त्याची चव सरबतात. चोखलं की रंग निघून जातो आणि हातात पांढरा गोळा उरतो. इथे दूधच गोठवलेलं, म्हणून शेवटच्या चमच्यापर्यंत चव टिकते. वाटी अर्धी वितळली होती तरी तळाला पाणचटपणा नव्हता.

अण्णा उठून काउंटरवर गेले. ‘‘रंधा कुठला वापरता?’’ त्या पोराला रंधा कळेना, पण त्याने प्रेमाने मशीन दाखवलं. आत फिरणारा गार ड्रम. वरून गोड दूध सोडायचं, ते ड्रमला लागताच गोठतं आणि पातं ते खरवडून काढतं. रिबिनीसारखे पापुद्रे खाली वाटीत पडत जातात. मशीन लावलं की आधी ड्रम गार व्हायची वाट बघायची, मगच दूध. अण्णांनी बोटावर एक पापुद्रा घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, ‘‘लादी उचलायला नको, भुसा नको. बरंय.’’ मग त्याला निळ्या बर्फाचं सांगत बसले: कारखान्यातला, खाण्याचा नसलेला बर्फ २०१८ पासून निळा करायचा नियम आला, तोवर गाडीवाल्यांनी किती बोलणी खाल्ली वगैरे. मागे रांग थांबलेली. पोरगं ऐकत होतं.

मोची आइस्क्रीम २६० ला दोन. हा काही जपानचा जुनापुराणा प्रकार नाही, लोट्टे कंपनीने १९८१ मध्ये तिथे असलं काहीतरी बाजारात आणलं (आपल्याकडची हॅवमोर आइस्क्रीम विकत घेतली त्याच लोट्टे समूहातली). चिकट तांदळाच्या मऊ पारीत आइस्क्रीम, कल्पना झकास. पण फ्रीझरमधून काढून थेट टेबलावर! माझी दाढ अजून ठणकतेय. पाच मिनिटं तसंच ठेवा, मग खा. काळ्या तिळाचं घ्या, स्ट्रॉबेरीचं नको.

तर पुन्हा जाईन, पण एखाद्या मंगळवारी दुपारी आणि फक्त पातबिंगसूसाठी.

निघताना अण्णांनी कॉर्न डॉगची काडी टिश्यूने पुसली, वाटीतला उरलेला बर्फ तिच्याभोवती तळहातात दाबला, दोनदा फिरवला. गोळा झालाच नाही, भुसभुशीत होऊन परत वाटीत पडला. ‘‘धरत नाही,’’ असं म्हणून त्यांनी चमचा उचलला आणि वाटी साफ केली.