चप्पल लाईनमधून इटलीला पत्र लिहिताना: भाषांतराच्या एका ॲपचा तीन महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनमध्ये आमच्या काकांचे दुकान आहे आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांशी होणारा पत्रव्यवहार गेली काही वर्षे मी सांभाळते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधील प्रादा या फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या धर्तीची पादत्राणे दिसली आणि त्यावरून देशभर चर्चा झाली. त्यानंतर काही महिन्यांनी इटलीतील एका लहान दुकानाच्या मालकीणबाईंनी आमच्याकडे नमुन्याच्या जोडांची चौकशी केली. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते आणि आम्हाला इटालियनचा गंध नव्हता, म्हणून मी मोबाईलवर इंग्रजी-इटालियन भाषांतराचे एक ॲप महिन्याची वर्गणी भरून घेतले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका ॲपपुरते नाही. मराठी माणूस इंग्रजीचा पूल ओलांडून इटालियनकडे जाऊ लागला, की वाटेत काय सांडते हे मला या तीन महिन्यांत दिसले.

या ॲपमध्ये मराठी नाही. मनातले मराठी वाक्य आधी इंग्रजीत करायचे आणि मग ते ॲपला द्यायचे, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. पहिल्याच पत्रात मी साधे विचारले होते, की आपला पत्ता कळवाल का. इंग्रजीत ‘आपला’ आणि ‘तुझा’ यांना एकच शब्द असल्यामुळे ॲपने सरळ ‘तू’ वापरला, आणि इटालियनमधील ‘तू’ हा उच्चाराने आणि अर्थाने आपल्या ‘तू’सारखाच आहे. वयाने मोठ्या, अनोळखी बाईंना आम्ही अरेतुरे केले होते. त्यांचे उत्तर मात्र ‘लेइ’ या आदरार्थी रूपात आले. ‘लेइ’चा मूळ अर्थ ‘ती’ असा आहे आणि त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येते, म्हणजे समोरच्या माणसाशी बोलतानाही त्याच्याविषयी बोलल्यासारखे बोलायचे. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ‘पाहुण्यांनी बसून घ्यावे’ असे आपण पाहुण्यांच्या तोंडावरच म्हणतो. ॲपच्या सेटिंगमध्ये औपचारिक आणि अनौपचारिक असा पर्याय आहे, परंतु तो तीन पायऱ्या आत दडलेला आहे आणि मुळात अनौपचारिकवर ठेवलेला आहे. हा या ॲपचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. व्यापाराचे पत्र लिहिणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारला गेला पाहिजे.

आमच्या धंद्यातील शब्दांची परीक्षा मी अधिक बारकाईने घेतली. चपलेच्या तळासाठीचा इंग्रजी शब्द एकटा दिला, तेव्हा ॲपने ‘एकमेव’ या अर्थाचा शब्द दिला, कारण इंग्रजीत त्याच शब्दाचा तोही अर्थ आहे. बरोबर शब्द ‘स्वोला’ आहे. इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवला असता तर इटालियन वाचकाने तो ‘सोले’ असा वाचला असता आणि त्याला सूर्य आठवला असता. कमावलेल्या चामड्याची गत अशीच झाली. आमचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते, आणि ही गोष्ट परदेशी गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगावी असा काकांचा आग्रह असतो. इंग्रजीत चामडे कमावण्याला आणि उन्हाने अंग रापण्याला एकच शब्द असल्यामुळे ॲपने आमच्या चामड्याला उन्हात रापवून ठेवले. योग्य शब्द ‘कोन्चातो’ असा आहे आणि झाडपाल्याच्या कमावणीला ‘कोन्चा व्हेजेताले’ म्हणतात. टाचेचेही दोन शब्द आहेत, पायाची टाच ‘ताल्लोने’ आणि पादत्राणाची ‘ताक्को’. आपण दोन्हींना टाचच म्हणतो, त्यामुळे येथे चूक माझी की ॲपची हे ठरवता आले नाही. इतके मात्र खरे, की एकटा शब्द न देता त्याच्याभोवती पूर्ण वाक्य दिले, की यांतील बहुतेक चुका नाहीशा होतात. ही सवय मला दुसऱ्या महिन्यात लागली.

खुद्द ‘चप्पल’ या शब्दावर आमचे आठ दिवस गेले. इंग्रजी पत्रात आम्ही नेहमीप्रमाणे ‘स्लीपर’ लिहीत होतो आणि ॲप त्याचे ‘चाबात्ते’ करत होते. चाबात्ता म्हणजे घरात घालायची सपाता. त्या नावाचा लांबट, चपटा पाव अलीकडे आपल्याकडच्या बेकऱ्यांतही मिळतो आणि त्याला ते नाव त्याच्या आकारावरूनच पडले आहे. हाताने शिवलेल्या, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेला घरातली सपाता म्हणणे आम्हाला मुळीच रुचले नाही. शेवटी ‘सांदाली इन क्वोयो’, म्हणजे जाड चामड्याचे सँडल, असे लिहायचे ठरले. चामड्याला ‘पेल्ले’ असाही शब्द आहे, पण तो माणसाच्या त्वचेलाही वापरतात, आणि तळाच्या जाड चामड्याला ‘क्वोयो’च शोभतो.

मापाच्या बाबतीत मात्र आमची मराठी इंग्रजीच्या पुढे निघाली. ॲपने चपलेच्या मापाला एकदा ‘ताल्या’ हा शब्द दिला, जो कपड्यांच्या मापाचा आहे, आणि एकदा ‘दिमेन्सियोने’ दिला, जो खोलीच्या लांबी-रुंदीला शोभेल. इटलीतला दुकानदार गिऱ्हाइकाला ‘नूमेरो’ विचारतो. आमच्या लाईनमध्येही दिवसभर ‘नंबर किती?’ हाच प्रश्न ऐकू येतो, तेव्हा मराठीतून थेट गेले असते तर हा शब्द घरचाच होता. नंबराचे गणित अर्थात निराळे आहे: आपल्याकडच्या ब्रिटिश पद्धतीत दोन नंबरांतील अंतर इंचाचा तिसरा भाग असते आणि युरोपात ते सेंटिमीटरचे दोन तृतीयांश असते. ॲप हा हिशेब करत नाही, आणि त्याने तो करावा अशी माझी अपेक्षाही नाही. आम्ही पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवली. आकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी सांगते: इटलीत स्वल्पविराम दशांशासाठी आणि टिंब हजारासाठी वापरतात. आम्ही लिहिलेले १,२५० ॲपने जसेच्या तसे पुढे पाठवले, आणि ते तिकडे सव्वा असे वाचले जाऊ शकते. दरपत्रक पाठवताना आकडे स्वतः तपासावेत.

व्याकरणाचे एक पुस्तक शेजारी ठेवून ॲपची उत्तरे तपासू लागले, तेव्हा मला या भाषेविषयी खरा जिव्हाळा वाटू लागला. बाईंनी लिहिले होते, ‘मी पियाच्चोनो’. यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’, आणि पूर्ण अर्थ ‘मला आवडतात’. वस्तू एक असेल तर ‘मी पियाचे’, म्हणजे ‘मला आवडतो’ किंवा ‘आवडते’. इंग्रजीत आवडणाऱ्या माणसाला कर्ता करावे लागते. मराठीत आणि इटालियनमध्ये आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी बसते आणि क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे बदलते. वेळ सांगतानाही तसेच होते: आपला एक ‘वाजला’ आणि तीन ‘वाजले’, त्यांचे ‘ए लूना’ आणि ‘सोनो ले त्रे’. त्याहून मोठा आनंद मला ‘पेट्या पाठवल्या’ या वाक्याने दिला. पेट्यांसाठीचा ‘स्कातोले’ हा शब्द तेथेही स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे, म्हणून ‘मी त्या पाठवल्या’ याचे ‘ले ओ स्पेदीते’ होते, आणि पुल्लिंगी वस्तू असती तर ‘ली ओ स्पेदीती’ झाले असते. मराठीत ‘पाठवल्या’ कर्माप्रमाणे फिरते, तसेच ते रूपही फिरते. इंग्रजीत या बदलाची खूणच नसल्यामुळे ॲपला सुटे वाक्य दिले, की ते दर वेळी पुल्लिंगी रूप देते. पेट्यांचे वाक्य आणि त्यानंतरचे वाक्य एकत्र दिल्यावर त्याने बिनचूक उत्तर दिले.

नात्याचा एक शब्द मात्र कोणत्याही ॲपला एकट्याने सोडवता येणार नाही. बाईंनी आपल्या ‘निपोते’साठी ३० नंबरचा एक जोड मागितला आणि ॲपने त्याचे इंग्रजीत भाची-पुतणीचे नाते केले. इटालियनमध्ये नात, नातू, भाचा, भाची, पुतण्या, पुतणी या सगळ्यांना तो एकच शब्द आहे. काकांनी नम्रपणे विचारून घेतले, तेव्हा ती त्यांची नात निघाली, आणि काकांनी त्या जोडाचा अंगठा स्वतः बसवला.

बाकीच्या सोयींविषयी थोडक्यात लिहिते. कॅमेऱ्याने छापील मजकूर वाचण्याची सोय चांगली आहे आणि इंटरनेट नसतानाही ॲप चालते, हे दुकानाच्या आतल्या खोलीत उपयोगी पडले. उच्चार ऐकवण्याची सोय तर उत्तम आहे. परंतु उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहून दाखवले आहेत आणि ते मराठी माणसाने वाचूच नयेत. इटालियन त आणि द आपल्या त आणि द सारखे दंत्य आहेत. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, हा फरक ‘पता’ आणि ‘पत्ता’ म्हणणाऱ्या जिभेला शिकवावा लागत नाही. मी सगळे शब्द ऐकून वहीत देवनागरीतच उतरवले आहेत.

वर्षाची वर्गणी एकदम भरावी, असे मी आज कोणालाही सुचवणार नाही. महिन्याची घ्यावी, सेटिंगमध्ये आदरार्थी रूप आधी निवडावे, पूर्ण वाक्ये द्यावीत आणि धंद्याच्या शब्दांची वही वेगळी ठेवावी. आमची वर्गणी मी चौथ्या महिन्यासाठी चालू ठेवली आहे, कारण चपलेच्या भागांची यादी अजून अर्धी राहिली आहे. ‘कान’ हा शब्द अडला आहे. ॲप त्याचे माणसाचे कान करते, म्हणून सध्या आम्ही फोटोवर बाण काढून पाठवतो. ‘वेणी’ मात्र त्याने पहिल्याच प्रयत्नात बरोबर दिली. चामड्याच्या वेणीला आणि केसांच्या वेणीला तेथेही एकच शब्द आहे, ‘त्रेच्चा’.