जुनी ‘अमेरिकन’ इलेक्ट्रिक गिटार घेताना झालेली माझी फसवणूक

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी अंधेरी पश्चिमेला एका माणसाच्या घरी गेलो आणि तिथे स्वतःच्या हातांनी वाजवून, स्वतःच्या कानांनी ऐकून ७८,००० रुपयांना एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. पंधरा दिवसांच्या आत ती बनावट असल्याचे सिद्ध झाले. खोटे नाव, खोटा नंबर, खोटे बिल या प्रकारांबद्दल वादकांमध्ये बरेच बोलले जाते आणि लोक त्याबाबत सावधही असतात. मला मात्र आवाजाने फसवण्यात आले, आणि तेही तो आवाज मी समोर उभा राहून ऐकत असताना. तशी पाळी आणखी कोणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी परळला राहतो, दिवसा एका पतसंस्थेत हिशेब पाहतो आणि गेली अठरा वर्षे वाद्यवृंदात गिटार वाजवतो. आमच्या एका कार्यक्रमात भावगीत असते, कोळीगीत असते, सत्तरच्या दशकातली हिंदी चित्रपटगीते असतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात तरुण मंडळींच्या आग्रहाखातर रॉकच्या वळणाचे काहीतरी वाजवावे लागते. भावगीतामागे गिटार अगदी मोकळी आणि स्वच्छ बोलावी लागते, तर शेवटच्या गाण्यांना भरदार, लांबत जाणारा, विकृत (डिस्टॉर्शन) केल्यावरही न फाटणारा आवाज लागतो. दोन गिटारी घेऊन लोकलने फिरणे मला शक्य नव्हते, त्यामुळे या सर्व शैलींना पुरेल अशी एकच चांगली गिटार घ्यायची असे ठरवून मी तीन वर्षे पैसे बाजूला टाकत होतो.

अशी गिटार कोणती, हे मला ठाऊक होते. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचे कंपन पकडून त्याचा विजेचा संकेत करणारी उपकरणे, होते आणि त्यांचा मोकळा आवाज आजही सर्वांना हवा असतो. परंतु तारेचे एकच वेटोळे आजूबाजूच्या विजेची गुणगुणही पकडते आणि नाट्यगृहात दिव्यांचे डिमर चालू असले म्हणजे ती गुणगुण फारच त्रासदायक होते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळ्यांचा हमबकर तयार केला. त्यातील दोन्ही वेटोळी आणि त्यांचे चुंबक एकमेकांच्या उलट असल्यामुळे बाहेरची गुणगुण परस्पर रद्द होते, मात्र गिटारच्या तारेचा आवाज बेरजेत येतो आणि तो अधिक जाड व गोलसर लागतो. या दोहोंचा मेळ म्हणजे ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या मुख्य भागावर (बुंध्यावर) जिथे टेकतात तिथे, हमबकर आणि मध्ये व नेकपाशी, म्हणजे गिटारच्या मानेजवळ, सिंगल कॉइल अशी मांडणी. वादक तिला एचएसएस (हमबकर, सिंगल, सिंगल) म्हणतात. त्यात कॉइल स्प्लिटची सोय असली, म्हणजे टोनची खुंटी वर ओढली की हमबकरचे एक वेटोळे बंद होत असले, तर एकाच वाद्यातून बहुतेक सर्व शैलींचे काम भागते.

विकणाऱ्याच्या जाहिरातीत नेमके हेच लिहिलेले होते. फेंडरची अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर, एचएसएस, कॉइल स्प्लिट बसवून घेतलेले, अमेरिकेतल्या काकांनी २००८ साली आणलेली, घरातच वापरलेली. नवी अमेरिकन गिटार आपल्याकडे याहून बरीच महाग पडते, त्यामुळे त्याने सांगितलेले ८५,००० रुपये स्वस्तही वाटले नाहीत आणि संशयास्पदही वाटले नाहीत. किंमत फार कमी ठेवली असती तर मी कदाचित गेलोच नसतो. मी माझ्या भाच्याला सोबत घेऊन गेलो.

त्याच्या घरातली एक खोली केवळ संगीतासाठी ठेवलेली दिसत होती आणि तिच्या भिंतींना काळा फोम लावलेला होता. गिटारची केबल ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात, जात नव्हती. ती जमिनीवर ठेवलेल्या मल्टिइफेक्ट प्रोसेसरमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज हवा तसा बदलणाऱ्या यंत्रात, जात होती आणि तिथून आवाज दोन स्पीकरांना दिलेला होता. हल्ली असे वाजवणे सर्रास झाले असल्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने गिटार माझ्या गळ्यात घातली, स्वतः माझ्या उजवीकडे प्रोसेसरजवळ उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही फक्त स्विच फिरवा आणि वाजवा. मी काही बोलत नाही, गिटारच बोलेल.”

आणि गिटार खरोखर बोलली. पिकअप निवडण्याचा स्विच नेककडे नेला तेव्हा जॅझला शोभेल असा उबदार आवाज आला, मध्यावर आणला तेव्हा तो हलका आणि स्वच्छ झाला, ब्रिजवर नेताच भरून आला आणि टोनची खुंटी वर ओढल्यावर पुन्हा बारीक व धारदार झाला. मी पाऊण तास वाजवले. तारा नव्या होत्या, ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) खाली होती, बोटे सहज धावत होती, आणि तीन वर्षे मनात घोळत असलेले वाद्य हातात आले आहे याचा मला इतका आनंद झाला की दुसरा कोणताही विचार डोक्यात शिरला नाही. ७८,००० रुपयांवर सौदा ठरला आणि मी ते यूपीआयने दिले. पावती मागितली तेव्हा त्याने साध्या कागदावर ‘एक जुनी इलेक्ट्रिक गिटार, पाहून व वाजवून घेतली’ असे लिहून सही केली. त्या ओळीत कंपनीचे नाव नाही, मॉडेल नाही, नंबर नाही, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात यायला हवे होते.

घरी पहिले काही दिवस मी ती ॲम्पविनाच वाजवली, कारण रात्री शेजाऱ्यांना त्रास होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. पुढे दादरला तालमीच्या जागी तिथल्या ॲम्पमध्ये केबल सरळ लावली, आणि स्विच या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला तरी आवाज जवळपास तोच राहिला. पाचही जागांवर सारखीच पातळ, नाकातून आल्यासारखी टिणटिण आणि तिच्यामागे गुणगुण येत होती. खुंटी ओढली तरी काहीही बदलले नाही. अनेक स्ट्रॅटोकास्टरवर मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळे नेक व मधला एकत्र लावले की गुणगुण विरते. येथे ती तशीच होती. हमबकरवरही ती तशीच होती, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

गिरगावात एक वयस्कर कारागीर गिटारींची दुरुस्ती करतात. त्यांच्याकडे ती घेऊन गेलो. त्यांनी तारा सैल करून पिकगार्ड, म्हणजे पुढचे झाकण, उचलला आणि काही न बोलता टॉर्च माझ्या हातात दिला. टोनची खुंटी ज्या पॉटवर (फिरत्या नियंत्रकावर) बसवली होती तो खरोखरच ओढून चालणारा होता. पण त्याच्या खालच्या स्विचच्या सहाही कानांवर (तारा जोडण्याच्या टोकांवर) सोल्डरचा एक थेंब नव्हता. ते सहा कान कारखान्यातून आले तसे कोरे चमकत होते. खुंटी वर येत होती आणि खाली जात होती, परंतु तिला कशाशीही जोडलेलेच नव्हते. हमबकरचे आवरण काढल्यावर आत एका बाजूला तार गुंडाळलेली होती आणि दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची रिकामी रीळ होती. सिंगल कॉइलमध्ये चुंबकाच्या दांड्या असायला हव्या होत्या; त्याऐवजी लोखंडी खिळे बसवून खालून सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली होती.

दुरुस्ती करणारे ते काका म्हणाले, “पिकअप बदलून देईन रे, पण नेकचं काय करायचं ते तू ठरव.” त्यांनी गिटार बुंध्याकडून डोळ्यासमोर धरून दाखवली. नेक पिळलेली होती, वरच्या टोकाला ती उजवीकडे झुकत होती. मुंबईच्या पावसाळ्यात नेक थोडी वाकते आणि ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) फिरवून ती सरळ करता येते, हे प्रत्येक वादक जाणतो. पिळलेली नेक मात्र रॉडने सरळ होत नाही, आणि येथे तर रॉडचा नटही झिजून गोल झालेला होता. हे झाकण्यासाठी वरचे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून जवळजवळ सपाट केलेले होते. जी ॲक्शन मला सुखद वाटली होती ती या घासण्यातून आलेली होती.

नावाचा खोटेपणा उघड होण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. फ्रेट २१ होते, अमेरिकन स्टँडर्डला ते २२ असतात. त्या गिटारच्या मागच्या नेकप्लेटला नेकचा कोन बदलण्यासाठी एक लहान भोक असते, ते येथे नव्हते. हेडस्टॉकवरचा (नेकच्या वरच्या टोकावरचा) नंबर ‘यूएस१२’ने सुरू होत होता, म्हणजे त्या पद्धतीप्रमाणे साल २०१२ चे, आणि विकणारा २००८ सांगत होता. या तिन्ही गोष्टी मला वाजवण्यापूर्वी दिसू शकल्या असत्या. पण मी कानांवर विसंबलो होतो, आणि मग त्या दिवशी कानांना जे ऐकू आले ते आले कुठून, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता.

त्याचे उत्तर भाच्याच्या मोबाइलमध्ये होते. मी वाजवत असताना त्याने चार मिनिटांचे चित्रण केले होते. आम्ही ते दोघांनी मिळून पाहिले, आणि दुसऱ्यांदा पाहताना भाचा म्हणाला, “मामा, त्याच्या पायाकडे बघ.” मी स्विच हलवण्यासाठी हात खाली नेला की त्या माणसाच्या डाव्या पायाची टाच किंचित उचलली जात होती आणि चवडा प्रोसेसरच्या बटणावर येत होता. मी स्विच नेककडे नेला, त्याने पाय दाबला. मी खुंटी ओढली, त्याने पाय दाबला. माझ्या चार मिनिटांच्या वादनात त्याने अकरा वेळा पाय दाबला. प्रत्येक जागेसाठी त्याने वेगळा, आधी तयार करून ठेवलेला आवाज लावला होता आणि गुणगुण दाबणारे नॉइज गेटही त्यातच होते. मी त्या पाऊण तासात गिटार ऐकलीच नव्हती, त्याचा प्रोसेसर ऐकला होता.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की जुनी इलेक्ट्रिक गिटार पाहायला जाल तेव्हा आपली केबल आणि एखादा लहान, बॅटरीवर चालणारा ॲम्प सोबत न्या, आणि दोहोंच्या मध्ये काहीही न ठेवता, कोणताही इफेक्ट न लावता, प्रत्येक पिकअप स्वतंत्र ऐका. विकणाऱ्याच्या ॲम्पमध्येही स्वच्छ आवाजावर ऐकण्याचा आग्रह धरा. ज्याची गिटार खरी आहे त्याला याचा राग येण्याचे कारण नाही. लॅमिंग्टन रोडला अगदी साधा मल्टिमीटर स्वस्तात मिळतो, तोही खिशात असू द्या. केबलचे एक टोक गिटारमध्ये लावून व्हॉल्यूम पूर्ण उघडावा आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगचे टोक व दांडा यांना मीटरच्या दोन तारा लावाव्यात. गिटार न उघडता पिकअपचा रोध समजतो. सिंगल कॉइलचा तो साधारण साडेपाच ते सात किलोओहम दिसतो, हमबकरचा बहुधा सात ते नऊ किंवा त्याहून अधिक, आणि कॉइल स्प्लिटची खुंटी ओढल्यावर हमबकरचा आकडा जवळपास निम्म्यावर यावा लागतो. माझ्या गिटारवर स्विचच्या दोन्ही टोकांना तो ५.२ च्या आसपास होता आणि खुंटी ओढल्यावर तसूभरही हलला नाही. ही तपासणी मी त्या खोलीत केली असती तर तिसऱ्या मिनिटाला बाहेर पडलो असतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलक्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळतात का, आणि नेक बुंध्याकडून पाहताना सरळ दिसते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

मी ज्या गुणांसाठी जुनी अमेरिकन गिटार शोधत होतो ते गुण मला नव्या, साध्या गिटारमध्ये मिळाले असते, ही गोष्ट मला अधिक लागली. यामाहाची पॅसिफिका ११२व्ही याच एचएसएस मांडणीची आहे, तिला कॉइल स्प्लिट आहे, आणि मी घालवलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैशांत ती बिलासकट मिळते. धोबीतलावला जाऊन एक दुपार घालवली असती तर ती हातात घेऊन पाहता आली असती.

पैसे परत मिळाले नाहीत. त्या माणसाचा फोन बंद लागतो आणि खोली भाड्याची होती, असे इमारतीच्या वॉचमनने सांगितले. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला गेला, परंतु त्या पावतीतले ‘पाहून व वाजवून घेतली’ हे शब्द माझ्यासमोर ठेवण्यात आले. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते; पण त्याने ती गिटार कोणत्या नावाने विकली याचा पुरावा माझ्याजवळ राहिलेल्या जाहिरातीच्या एका छायाचित्रापुरताच आहे. व्यापारी नसलेल्या व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असे वकील मित्राने सांगितले. म्हणून पावतीवर कंपनी, मॉडेल, देश आणि नंबर लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि जाहिरात व सर्व संभाषण जपून ठेवा.

गिटार अजून माझ्याकडेच आहे. ओळखीच्या एकाने ती जाहिरात टाकून पुढे विकून टाकण्याचा सल्ला दिला होता आणि त्याचा मला राग आला. काकांनी तिला दुसरी, साधी नेक बसवून दिली आणि तिच्यावर भाचा आता शिकतो. नेक बसवण्यापूर्वी मी त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि बुंध्यातल्या खाचेत, जिथे नेकचा खूर बसतो त्या कोऱ्या लाकडावर, ‘ही फेंडर नाही, नेक बदललेली आहे’ असे लिहून खाली तारीख घातली. काकांनी ते वाचले, मान हलवली आणि चारही स्क्रू घट्ट पिळले.