छोटी शस्त्रक्रिया, अपुरा कागद

मी पाठीवरची चरबीची गाठ ज्या दवाखान्यात काढून घेतली, तिथल्या डॉक्टरांचे काम सफाईदार आहे. टाके एकसारखे पडले आणि जखमही वेळेत भरली. माझी तक्रार आहे ती घरी जाताना हातात ठेवलेल्या कागदाबद्दल, कारण त्यावर रक्तस्रावाविषयी 'जास्त रक्त आल्यास कळवावे' एवढेच लिहिले होते, आणि जास्त म्हणजे किती, हे नेमके तिथेच गाळले होते.

त्याच संध्याकाळी पट्टीवर लाल डाग पसरू लागला. भूल देताना रक्तवाहिन्या आकसवणारे औषध मिसळतात, त्याचा असर काही तासांत ओसरला की थोडे रक्त झिरपू शकते, हे आधी सांगितले असते तर आमच्या घरची धावपळ वाचली असती. फोन उचलणाऱ्या परिचारिकेने मात्र उत्तम समजावले: स्वच्छ गॉझ ठेवून पंधरा मिनिटे घट्ट दाबा, मध्ये उचलून पाहू नका (मी दोनदा पाहिलेच होते). एवढे करूनही रक्त थांबले नाही, पट्टी पुन्हा पुन्हा भिजू लागली, जखमेखाली टणक सूज वाढत गेली किंवा चक्कर येऊन छातीत धडधडू लागले, तर लगेच या, असेही तिने बजावले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही तिनेच विचारले.

पाचपैकी तीन तारे, आणि त्यातला एक तिचा.