तेरा ओळींचा ऑइल कूलर किट: तेलाची बला पाण्यावर

ट्रॅकवर पळवायच्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी हा किट सर्रास विकला जातो: तेल थंड करणारी तेरा ओळींची जाळी म्हणजे कूलर, एएन-१० मापाचे दोन पाइप आणि ऑइल फिल्टरखाली बसून तेल कूलरकडे वळवणारी सँडविच प्लेट. प्लेट थर्मोस्टॅटवालीच घ्या. तेल ८० अंशांच्या आसपास येईपर्यंत ती कूलरची वाट जवळजवळ बंद ठेवते. साध्या प्लेटवर डिसेंबरच्या सकाळी तेल तापायलाच वेळ लागतो, आणि घट्ट तेलावर इंजिन रेटलं की झीज ठरलेली.

तेलापुरतं बोलायचं तर पैसे वसूल. ट्रॅकवर ११० ते १२० अंश चालतात. १३० ओलांडले की तेल पातळ होऊन बेअरिंगवरचा दाब पडतो.

खोट आहे ती बसवायच्या कागदात. रेडिएटरच्या पुढे मधोमध टांगा, म्हणे! कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ते खपेलही. पण मे महिन्यात ब्रह्मपुरीकडे हवाच ४५ अंशांची. रेडिएटरकडची वाट उघडणारा इंजिनचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर हवा १५ अंशांनी चढली, तर कूलंटही (रेडिएटरमधलं पाणी) जवळपास तेवढंच चढतं. त्यात कूलरमधून तापून आलेली हवा रेडिएटरवर. म्हणून कूलर बंपरच्या खालच्या कोपऱ्यात बसवा, पाइपची तोंडं वर ठेवून, नाहीतर आत हवा अडकते. पुढे पत्र्याचा डक्ट करा आणि कडेच्या फटी फोमने बुजवा. वाऱ्याला पळवाट मिळाली की तो जाळीतून जात नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू कुटार, म्हणजे मळणीतला भुसा. सोयाबीनच्या हंगामात ते एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे जाऊन बसतं, बाहेरून दिसतही नाही. इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाचं पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या पंपाने फिन, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, झोपतात.

कूलंट गोठायची भीती इथे नाही. ३० ते ३५ टक्के ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) पुरतं. बाकी डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याचे क्षार आतून थर धरतात.

तेल अर्धा लिटर जास्त लागतं. पहिल्यांदा इंधन पंपाचा फ्यूज काढून, थांबून थांबून स्टार्टर मारा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज परत लावा, इंजिन चालवून बंद करा, डिपस्टिक आणि जोड तपासा.

प्लेटवर तेलाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी भोक आहे, सेन्सर मात्र पेटीत नाही. तो वेगळा घ्यावाच लागेल. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाण्याचा, आणि बऱ्याच गाड्यांत तो ८० लाही मधोमध, १०० लाही मधोमध.