पावसाळा काढलेला जुना तामागोची: खेळणं पक्कं, सेलचा कप्पा कच्चा

तीन बटणं कशाची, भुकेची चार बदामं कशी भरायची, अंड्यातून पिल्लू किती वेळात निघतं हे इथे सांगत बसत नाही. ज्यांना हा नाद आहे त्यांना ते तोंडपाठ आहे. हा अनुभव आहे १९९६-९७ची तामागोची, म्हणजे छोट्या स्क्रीनवरचं पिल्लू वाढवायची ही इलेक्ट्रॉनिक खेळणी, शोकेसमध्ये न ठेवता गोव्याच्या हवेत रोज चालू ठेवण्याचा, मे ते दिवाळी. निमित्त एका बिघाडाचं. बान्दाई या जपानी कंपनीचा पहिल्या पिढीचा, चांगला चालणारा पीस चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास गप्प झाला. उघडला तर एका सेलला पाणी सुटलेलं, कप्प्यातल्या पट्टीवर पांढरा-हिरवा थर. आतली चिप, स्क्रीन, बझर मात्र ठणठणीत. पंचवीस-तीस वर्षं टिकलेली वस्तू दहा रुपयांच्या सेलने बंद पाडली याचा मला अजून राग आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या कप्प्यावरच खर्च होणार आहे.

खेळण्याबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगतो. अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांनी आखलेलं हे यंत्र २३ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानात विक्रीला आलं. ३२ बाय १६ ठिपक्यांची स्क्रीन, आत एप्सनचा चार बिटांचा कंट्रोलर, वेळेसाठी ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल. क्रिस्टल असल्यामुळे घड्याळ आजही बरोबर चालतं. इतक्या कमी ठिपक्यांत पिल्लाचा रुसवा, झोप, आजारपण वेगवेगळं ओळखू येतं ही खरी कारागिरी आहे. पहिल्या पिढीतला डावं-उजवं ओळखण्याचा खेळ मला दुसऱ्या पिढीतल्या लहान-मोठा आकडा ओळखण्यापेक्षा जास्त आवडतो. पाच डावांत तीन बरोबर आले की झालं, एका हाताने बसमध्येसुद्धा उरकतो. आणि जपानी आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. तिच्यात पिल्लू गेल्यावर थडगं आणि भूत दिसतं. बाहेरच्या देशांसाठी काढलेल्या आवृत्तीत त्याचा देवदूत करून टाकला. मूळ कल्पना जपानी आवृत्तीतच शाबूत आहे.

आता कप्पा. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीला दोन एलआर४४ लागतात. एजी१३ किंवा ए७६ म्हणून मिळतो तो हाच. हे अल्कलाईन बटन सेल, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते सेलच्या ऋण बाजूच्या गास्केटमधून, म्हणजे कडेच्या सीलमधून, सरपटत बाहेर येतं, म्हणून कप्प्यातली ऋण टोकाची पट्टी किंवा स्प्रिंग नेहमी आधी जाते. हे कुठल्याही गावात होतं. आपल्याकडे वेगळं काय होतं ते नीट समजून घ्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा जो कार्बोनेट बनतो तोही ओढतो. कोरड्या प्रदेशात गळलेला सेल जागच्या जागी पांढरी पापडी धरून बसतो. जुलैमधल्या आपल्या हवेत ती पापडी वाळतच नाही. ओलीच राहते, पट्टीखाली शिरते, वायर असेल तर इन्सुलेशनच्या आतून बोर्डापर्यंत चढते. जपानमधून आलेला पीस तिथे दहा वर्षं तसाच पडून राहिला असेल आणि इथे एका पावसाळ्यात बसला असेल, तर त्याचं कारण हे आहे. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा त्यात भर घालते, कारण पट्टीवरचा निकेलचा मुलामा एकदा फुटला की खालचं पोलाद लगेच तांबूस होतं.

म्हणून सेलची निवड ही इथे चैनीची बाब नाही. एलआर४४च्या मापाचाच एसआर४४ मिळतो, सिल्व्हर ऑक्साइडचा. पणजी, मडगाव, म्हापसा, कुठल्याही घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे ‘तीनशे सत्तावन’ किंवा ‘तीनशे तीन’ मागा, तो हाच देईल, कारण मनगटी घड्याळांत असलेच सेल लागतात. भावात फरक मोठा आहे. एजी१३चं दहा सेलांचं कार्ड ज्या पैशात येतं त्याच्या आसपास एक चांगला एसआर४४ पडतो. मी स्वतः चिकट माणूस आहे, पैसा सुटत नाही. तरीही इथे महाग तोच घ्या असंच सांगेन. एसआर४४चा दाब १.५५ व्होल्ट, आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो. अल्कलाईनचा १.५ वरून हळूहळू घसरत जातो. दोन्ही सेलांचा मिळून दाब बराच उतरला की ठिपके फिकट पडतात. मग बझर वाजला की तो एकदम जास्त करंट ओढतो, दाब आणखी खचतो आणि यंत्र आपोआप रीसेट होतं. पिल्लू हाक मारतं आणि त्या हाकेनेच मरतं. आठवणीसाठी वेगळी मेमरी नसल्यामुळे परत अंड्यापासून सुरुवात.

एसआर४४मध्येही अल्कलीच असते. तो कमी गळतो, अजिबात गळत नाही असं नाही. शिवाय दाब सपाट असल्याने स्क्रीन फिकट होऊन इशारा मिळत नाही, संपतो तो अचानक. म्हणून कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर सेल घातल्याची तारीख लिहून ती झाकणाच्या आतून लावा. दोन्ही सेल एकदम बदला. एक जुना-एक नवा घातला की आधी संपलेल्यातून दुसरा करंट ढकलत राहतो, तो उलटा पडतो, आत वायू धरतो आणि हमखास पाझरतो. माझा बंद पडलेला पीस तपासला तेव्हा मल्टीमीटरवर एक सेल १.४ दाखवत होता, दुसरा शून्याच्या जवळ. दुकानात सुटे सेल देताना दोन वेगवेगळ्या कार्डांतले देतात, तेवढं पाहून घ्या.

गळलेला कप्पा साफ करायची रीत अशी. सेल काढा, झाकण बाजूला ठेवा. कानकाडीच्या टोकाला पांढरं व्हिनेगर लावा, टिपकागदावर जास्तीचं टिपून घ्या, ओली काडी कप्प्यात पिळू नका. थरावर टेकवलं की बारीक फेस येतो, तो कार्बोनेटचा. फेस थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. व्हिनेगर तसंच राहिलं तर तेही पट्टी खातं, म्हणून लगेच डिस्टिल्ड पाण्याची काडी, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची. नळाचं पाणी नको. पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा, पावसाळ्यात टेबल-दिव्याच्या उबेत. मग फायबर ग्लासच्या पेनने किंवा शाईच्या खरखरीत खोडरबराने पट्टी घासा. खाली पिवळसर-करडा धातू चकचकीत दिसला तर काम झालं. काळा, खड्डे पडलेला दिसला तर मुलामा गेलेला आहे. अशा पट्टीवर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर चढवा, नाहीतर पट्टीच बदला. जत्रेच्या फेरीत ‘एकात १६८’ म्हणून स्वस्त नकला मिळतात, त्यातल्या पट्ट्या आणि छोटे स्क्रू कापून-घासून इथे बसवता येतात. त्या नकलांचा माझ्या लेखी एवढाच उपयोग.

कप्प्याचा स्क्रू गंजून बसला असेल तर जोर लावू नका. डबल झीरो मापाचा, टोक न झिजलेला स्क्रूड्रायव्हर घ्या. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर चार-पाच सेकंद टेकवा, आजूबाजूचं प्लॅस्टिक किंचित सैल होतं आणि स्क्रू फिरतो. खोबरेल किंवा मशिनचं तेल सोडायचा मोह होतो. ते झाकणाच्या फटीतून बटणांच्या रबरापर्यंत जातं, आणि मग बटणांचे कार्बनचे ठिपके दाब घेत नाहीत. पूर्ण शेल उघडत असाल तर मागच्या अर्ध्या भागाला बझरची (पायझोची) चकती असते, कुठे बारीक वायरींनी जोडलेली, कुठे स्प्रिंगवर टेकलेली. दोन भाग पुस्तकासारखे हळू उघडा, ओढू नका.

स्क्रीनवर ठिपक्यांची एखादी उभी ओळ गायब असेल तर घाबरू नका. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये झेब्रा रबराची पट्टी असलेल्या पीसमध्ये ती काढून अल्कोहोलने पुसून परत बसवली, स्क्रू सारखे आवळले की ओळ बहुतेक वेळा परत येते. उष्णतेने चिकटवलेली रिबन असेल तर मात्र तिला हात लावू नका. तपकिरी डाग, आडव्या-तिडव्या भेगा आणि उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट दर्प, म्हणजे पोलरायझरची फिल्म, जिच्यामुळे स्क्रीनवरचे ठिपके दिसतात ती, कुजते आहे. उष्णता आणि ओल दोन्ही तिला मारक. जुनी फिल्म कोपऱ्यातून सोलून काढावी लागते, गोंद अल्कोहोलने पुसावा लागतो, आणि नवी लिनियर पोलरायझर फिल्म कापण्याआधी चालू स्क्रीनवर धरून फिरवून कोन ठरवावा लागतो. नव्वद अंश चुकलं तर सगळं उलटं, काळ्यावर पांढरं दिसतं. हे काम निगुतीने करणाऱ्यानेच करावं.

इथपर्यंतचं मत पावसाळ्यातल्या नोंदींवरून आहे आणि तेव्हा मी मूळ १९९६च्या पीसला सगळ्यांच्या वर ठेवत होतो. पाऊस थांबून सगळे कप्पे उघडून पाहिल्यावर ते मत बदललं. २००४ सालचं तामागोची कनेक्शन त्याच खोलीत, त्याच हवेत, तितकंच चालू होतं. त्यात एक सीआर२०३२ लागतो, ३ व्होल्टचा लिथियम सेल. त्याच्या आत पाण्यात कालवलेली अल्कली नसते, त्यामुळे तो तसा सरपटत नाही. त्याचा कप्पा जसाच्या तसा स्वच्छ निघाला. सेल किराणा दुकानातही मिळतो, क्षमताही जास्त. त्याऐवजी रिचार्ज होणारा एलआयआर२०३२ घालू नका, तो भरलेला असताना ४.२ व्होल्टपर्यंत जातो. ज्याला रोज खिशात बाळगायचं आहे, शाळेतल्या पोरांच्या हातात द्यायचं आहे, त्याने गोव्यात कनेक्शनच घ्यावं. इन्फ्रारेडने दोघांची पिल्लं एकमेकांना भेटतात हा वरचा फायदा. मूळ पीस संग्रहासाठी, देखरेखीखाली चालवायला. मन अजून त्याच्याकडेच ओढ घेतं, पण शिफारस करताना कप्पा पाहून करावी लागते.

दुसरं बदललेलं मत सीलबंद पाकिटांबद्दल. कधीही न उघडलेला पीस म्हणजे उत्तम, असा बाजारातला समज आहे आणि त्याप्रमाणे भाव लावतात. पण कारखान्यात सेल घालून पाठवलेला पीस असेल तर ते सेल तेव्हापासून आतच आहेत. वापरलेल्या, ओरखडे असलेल्या पण सेल काढून ठेवलेल्या पीसचा कप्पा त्यापेक्षा कितीतरी चांगला निघतो. आपल्याकडे बोटीवरच्या लोकांनी पोरांसाठी आणलेले पीस अजून घरोघरी पडून आहेत, आणि चवथीच्या साफसफाईत बाहेर येतात. ते घेताना आधी कप्पा उघडायला सांगा, स्क्रीन नंतर.

मे महिन्यात आपण घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतो तसं या खेळण्यांचंही करावं लागतं. जे चालवायचे नाहीत त्यांचे सेल काढा. घट्ट झाकणाचा डबा, पॉलिप्रॉपिलीनचा. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातलं तेल शेलला चिकटतं. पाच लिटरच्या डब्याला पन्नास ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. साठच्या वर गेला की जेल ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत भरा. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नका, नारिंगी घ्या. तांदळात पुरून ठेवण्याने काही होत नाही, उलट धूळ आणि किडे येतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांपासून हा डबा लांब ठेवा, नॅफ्थालीनच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडून चिकट होतं. साखळ्या काढून वेगळ्या ठेवा, सगळ्यात आधी त्या गंजतात आणि शेलवर तांबडा डाग सोडतात.

चालू पीसला सुट्टी हवी असेल तर मधल्या बटणाने घड्याळ आणा, मग पहिलं आणि तिसरं बटण एकत्र दाबून वेळ लावायच्या पडद्यावर सोडून द्या. पिल्लू तिथेच थांबतं. सेल मात्र खर्च होत राहतो, त्यामुळे गणपतीला गावी जाताना ठीक, महिनाभरासाठी नाही.

शेवटी विक्रेते. ‘टेस्टेड, वर्किंग’ असं लिहिलेला एक पीस आत सेल ठेवूनच पाठवला गेला आणि वाटेत गळून आला. पैसे परत मागितले तर पाठवताना चालू होता, एवढंच उत्तर. बाहेरून मागवणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात: सेल काढून पाठवणार, उघड्या कप्प्याचा दोन्ही पट्ट्या दिसतील असा फोटो, आणि मागच्या बाजूला कोरलेलं बान्दाईचं नाव व साल दिसेल असा दुसरा. चालू स्क्रीनचा फोटो कितीही सुंदर असला तरी त्यावर भाव ठरवू नका. कप्प्याचा फोटो द्यायला कुणी नाही म्हणाला, तर बंद पीसचा भाव सांगा आणि त्यावर एक रुपया चढवू नका.