अमेरिकेच्या पत्रावर जावक क्रमांक

अनुदान देणारा आपल्याकडेच पैसे मागत नाही, एवढं कुणालाही कळतं. म्हणूनच मला गंडवणाऱ्यांनी ‘आम्ही अनुदान देतो’ असं एकदाही म्हटलं नाही. अनुदान अमेरिकन सरकारचं, निवड तिथल्या विद्यापीठाची, आम्ही फक्त कागदपत्रं मार्गी लावतो, असा त्यांचा पवित्रा होता. कागद मार्गी लावणाऱ्याला पैसे देण्यात आपल्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. पासपोर्टपासून सातबाऱ्यापर्यंत आपण ते देतच आलोय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. कातळसड्यांवरच्या, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या सपाट पठारांवरच्या पावसाळी वनस्पती हा माझा विषय. सहयोगी प्राध्यापक आहे. पुढच्या पदोन्नतीला यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे ११० संशोधन गुण लागतात आणि त्यात आंतरराष्ट्रीय फेलोशिपला ७ गुण आहेत. त्यात नॅक, म्हणजे महाविद्यालयाचं मूल्यांकन, तोंडावर आलेलं, आणि आयक्यूएसी या आमच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या तक्त्यात ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ या रकान्यापुढे वर्षानुवर्षं ‘निरंक’. अशात प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अध्यापक व व्यावसायिकांसाठी यूएस एक्सचेंज ग्रँट, मोफत वेबिनार’ असा मेसेज आला. टाकणारे सर ज्येष्ठ आणि सज्जन. त्यांनी तो नुसता पुढे ढकलला होता, हे नंतर कळलं.

वेबिनार चांगला झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फुलब्राइट हा अमेरिकन सरकारचा शैक्षणिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम १९४६ साली सुरू झाला. भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. २००८च्या नव्या करारानंतर दोन्ही सरकारं बरोबरीने खर्च उचलू लागली आणि फेलोशिपच्या नावात नेहरू आले. हे सगळं वेबिनार घेणाऱ्यांनी सांगितलं आणि ते सगळं खरं आहे. देवाणघेवाणीवर जाणाऱ्यांचा जे-१ व्हिसा, त्यासाठी लागणारा डीएस-२०१९ हा फॉर्म, अशा परदेशी पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन यंत्रणेची सेव्हिस फी, यजमान विद्यापीठाचं निमंत्रण, यातली एकही गोष्ट बनावट नाही. घरी येऊन गूगलवर तपासलं तर प्रत्येक शब्द जुळत होता. या धंद्याचं मर्म तिथेच आहे. खोटं एकच होतं, पण ते अशा जागी ठेवलेलं की तिथवर पोचायला साठ हजार रुपये लागले.

आधी नोंदणीचे १,५०० रुपये. मग प्रपोजल ‘अमेरिकन पद्धतीने’ बसवून देण्याचे १२,०००. त्यासाठी माझ्याकडून संशोधनाचा पूर्ण आराखडा, बायोडेटा, पासपोर्ट, आधार आणि पॅन यांच्या प्रती घेतल्या. दीड महिन्यात निवडीचं पत्र आलं. नाव ऐकलेल्या एका विद्यापीठाचं लेटरहेड, वर रंगीत बोधचिन्ह, खाली सही. सोबत वेबिनार घेणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्या सरांचा फोन : “मॅडम, अभिनंदन! आता फक्त सेव्हिस आणि मेडिकल इन्शुरन्स भरायचा. तीन दिवसांत नाही भरला तर जागा वेटिंगवाल्याला जाईल.” रक्कम ४६,५००. मी भरली. घरात पेढे आले, स्टाफरूममध्ये वाटले गेले, प्राचार्यांनी फलकावर अभिनंदन लिहवून घेतलं.

रजा आणि ना हरकत प्रमाणपत्रासाठी पत्राची प्रत ऑफिसात दिली. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला टेकलेत. त्यांची हयात आवक-जावक रजिस्टरवर गेली. त्यांनी चष्मा वर करून पत्र वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, हे अमेरिकेतनं आलंय ना? मग जावक क्रमांकात २०२४-२५ कसं? तिकडेपण मार्च एण्डिंग असतं काय?” मग त्यांनी बोट खाली नेलं. सहीशेजारी जांभळा गोल शिक्का, आपल्या संस्थांचा असतो तसाच, कडेने नाव आणि मध्ये तारा. रक्कम लिहिली होती ‘रु. ४६,५००/-’. डॉलरमध्ये पगार देणारं विद्यापीठ रुपयांत रक्कम लिहून पुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारत नाही. शेवटच्या ओळीत ‘काइंडली डू द नीडफुल’ होतंच. आम्ही दोघं क्षणभर हसलो. मग मी खुर्ची ओढून बसले.

मेल आलेला पत्ता ‘डॉट ऑर्ग’वर संपत होता, त्या विद्यापीठाचा खरा पत्ता ‘डॉट ईडीयू’चा आहे. ‘डॉट ईडीयू’ कुणालाही विकत मिळत नाही, तिथल्या मान्यताप्राप्त उच्च शिक्षणसंस्थांनाच मिळतं. ‘डॉट ऑर्ग’ मात्र कुणीही थोडक्या पैशांत घेऊ शकतो. मेलच्या पत्त्यातलं हे संकेतस्थळाचं नाव कधी नोंदवलं ते इंटरनेटवर फुकट पाहता येतं. वेबिनारच्या आदल्या महिन्यातली तारीख होती. विद्यापीठाच्या खऱ्या संकेतस्थळावरून त्या विभागाचा पत्ता काढून मेल टाकली. उत्तर आलं, या नावाची व्यक्ती आमच्याकडे नाही, असा कार्यक्रमही नाही.

आता सेव्हिसचं. जे-१ व्हिसावर जाणाऱ्याला ही फी खरोखर असते, २२० डॉलर. पण ती आय-९०१ फॉर्म भरून थेट अमेरिकन सरकारच्या खात्यात जमा होते. आणि ज्यांच्या डीएस-२०१९ वर कार्यक्रमाचा क्रमांक ‘जी-१’, ‘जी-२’ किंवा ‘जी-३’ने सुरू होतो, म्हणजे जे अमेरिकन सरकारच्या पैशाने जातात, त्यांना ती माफ असते. म्हणजे अनुदान सरकारी असतं तर फी नव्हती; फी होती तर अनुदान त्यांनी सांगितलेल्या प्रकारातलं नव्हतं. कन्सल्टन्सीवाल्या सरांना हे फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, इतकं टेक्निकल तुम्ही नका बघू, ते आमच्यावर सोडा.” तो त्यांचा शेवटचा फोन.

खरी फुलब्राइट-नेहरू फेलोशिप कशी चालते ते थोडक्यात, कारण हे ठाऊक असतं तर दीड महिन्यात निवड हा प्रकार तिथेच खटकला असता. अर्जाला पैसे पडत नाहीत. तो कार्यक्रमाच्या स्वतःच्या ऑनलाइन प्रणालीवर उमेदवाराने स्वतः भरायचा. शिफारसपत्रं शिफारस करणारेच तिथे चढवतात, आपल्या हाती येत नाहीत. साधारण जुलैत मुदत संपते, मग छाननी, मग मुलाखत, मग अमेरिकेतल्या मंडळाची मंजुरी. आज अर्ज केलेला माणूस निघतो तो पुढच्या वर्षी. विमानाचं जाऊन-येऊन भाडं, मासिक भत्ता, आजारपणाचं संरक्षण हे सगळं फेलोशिपमध्येच असतं. युरोपच्या इरॅस्मस प्लस या देवाणघेवाण योजनेत शिकवायला जायचं तर दोन संस्थांमध्ये आधी करार लागतो. एकट्या प्राध्यापकाला ‘डायरेक्ट’ मिळवून देतो म्हणणारा थाप मारतोय, एवढं धरून चाला. स्वखर्चाने जाणाऱ्या अभ्यागत संशोधकाकडून काही खरी विद्यापीठंही शुल्क घेतात, हे मात्र खरं. म्हणून ‘पैसे मागितले की फ्रॉड’ हा सरधोपट नियम मला पटत नाही. आधी अनुदान जाहीर करून मग पैसे मागणं, ही गोष्ट वेगळी.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे केव्हाच पुढे सरकले होते. पोलीस ठाण्यात दुसरीच अडचण. मिळालेल्या तिन्ही पावत्यांवर ‘ग्रँट’ हा शब्दच नाही. ‘मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही’ एवढंच. हवालदारसाहेबांचं म्हणणं, सेवा घेतलीत, पैसे दिलेत, ही दिवाणी बाब. पत्र बनावट आहे, ते बनावट असल्याची विद्यापीठाची मेल आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, असं वकिलांकडून लिहून नेलं तेव्हा अर्ज घेतला गेला. त्याचं पुढे काय झालं ते विचारू नका. आधारचं बायोमेट्रिक मी त्याच दिवशी लॉक केलं, आणि आपल्या पॅनवर कुणी कर्ज काढलं नाही ना हे अधूनमधून तपासते.

पैशाइतकंच मला प्रपोजल गेल्याचं लागलं. पावसाळ्यातल्या सड्यावर शेवाळावरून घसरत केलेल्या नोंदी होत्या त्यात. परवा जालन्याच्या एका मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली : “ताई, हे तुमच्या विषयातलं वाटतंय, जरा बघता का? मला सॅम्पल म्हणून दिलंय, असंच लिहून पाठवा म्हणालेत.” परिच्छेद माझे, तक्ते माझे, एका ठिकाणी माझीच शुद्धलेखनाची चूकसुद्धा. फक्त रत्नागिरी खोडून जालना घातलेलं. जालना जिल्ह्यातल्या जांभ्याच्या कातळसड्यांवर, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात वाढणाऱ्या वनस्पती! त्या मॅडमनी १,५०० भरले होते, १२,००० भरायचे होते. त्या थांबल्या.

आता आम्ही दोघींनी मिळून पोलीस अधीक्षक कार्यालयात एकत्र अर्ज दिलाय. पैसे ज्या खात्यात गेले ते एकच आहे आणि पावत्यांवरची वाक्यंही तीच आहेत. तुमच्या ग्रुपवर असा वेबिनार फिरला असेल आणि तुम्ही पैसे भरले असतील, तर पावती, बँकेतला व्यवहार क्रमांक आणि मूळ मेल जपून ठेवा. मेल पुढे पाठवू नका, आहे तशी राहू द्या, तिच्या हेडरमधली, म्हणजे ती कुठून कशी आली याची माहिती तपासाला लागते. तीन-चार तक्रारी एकाच खात्यावर आल्या की दिवाणी बाब म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत, असं वकील म्हणतात. आम्ही तिसऱ्या तक्रारदाराच्या शोधात आहोत.