बोटभर उंच डबी आणि माझे ४,५४० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. ४,५४०. नाहीतर खालचं सगळं वाचताना "पण गेले किती?" हेच तुमच्या डोक्यात फिरत राहील. मीही लोकांचे असले अनुभव तसेच वाचत आलोय आणि वाचून मनात म्हणालोय, एवढं साधं कळत कसं नाही यांना? बावीस वर्षं अकाउंट्समध्ये दुसऱ्यांची व्हाउचरं तपासतोय. एका चुकीच्या तारखेपायी लोकांचा प्रवासभत्ता अडवून धरलाय. आता हसा.

वस्तू काय, तर डिस्नेच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा जास्त स्वच्छ चित्र देणारी चकती. पिक्चर १९५९ चा. भाची ॲनिमेशन शिकते आणि या पिक्चरमधली आयव्हिंड अर्लने रंगवलेली झाडं, ती चौकोनी कापल्यासारखी, हा तिचा जप आहे. तिच्यामुळेच मला कळलं की हा सुपर टेक्निरामा ७० नावाच्या रुंद पद्धतीत केला होता, आणि २००८ च्या प्लॅटिनम आवृत्तीत पहिल्यांदा घरच्या पडद्यावर २.५५ ला १ एवढी पूर्ण रुंदी मिळाली. म्हणून तीच आवृत्ती हवी होती, वाढदिवसाला. मी काही फुकटात मागत नव्हतो, की "अर्ध्या किमतीत आयफोन" असल्या जाहिरातीला भुललो नव्हतो. ग्रुपवरच्या एका जाहिरातीतले ३,८०० रुपये मला रास्तच वाटले, उलट थोडे जास्त. डिस्ने पूर्वी आपले पिक्चर ठरावीक मुदतीपुरते बाजारात आणायचं आणि मग वर्षानुवर्षं तिजोरीत टाकायचं, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांना भाव येतो हे खरंच आहे. चोरालाही ते माहीत असतं, एवढंच.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं. तिथे डबी हातात घ्यायची, मागचं बारीक अक्षर वाचायचं, नाही पटली तर ठेवून द्यायची. आता आम्ही जुन्या डिस्कांचे शौकीन ग्रुपवर फोटो बघतो आणि टोकन पाठवतो.

तर टोकन ५०० रुपये, मंगळवारी. माणूस अस्सल मराठी बोलणारा. "दादा, माझ्या स्वतःच्या कलेक्शनमधली आहे, सीलसुद्धा फोडलं नाही. तुमच्यासारख्या कदर असणाऱ्यालाच द्यायची." गिरगावातला म्हणाला. मी विरघळलो, कबूल आहे. गुरुवारी मेसेज आला, की कस्टमचे ७४० भरावे लागतील, भाऊ अमेरिकेहून येताना आणतोय. थांबा. स्वतःच्या कपाटातल्या वस्तूला कस्टम? मी विचारलं. विचारलं होतं, हे लिहून ठेवतो. तो म्हणाला, "कलेक्शन भावाकडेच असतं, दादा." आणि मी ७४० पाठवले, कारण तेव्हा ऑफिसात महिनाअखेर चालू होती आणि मला वाद घालायला वेळ नव्हता. हे कारण पुरेसं नाही, मलाही कळतं.

आणखी एक. ब्लू-रेला जगाचे विभाग ठरवून दिलेले असतात, एका विभागाची चकती दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. आपल्याकडची रीजन सी, अमेरिकेची ए. प्लेअर कुठला, तो ही डिस्क वाचेल का, हे खऱ्या विकणाऱ्याने पहिल्या पाच वाक्यांत विचारलं असतं. याने एकदाही विचारलं नाही. त्याने विचारलं काय, तर "कधीसाठी हवीय?" मी भोळेपणाने तारीख सांगितली, तीन आठवड्यांनंतरची. भेट कधी द्यायची आहे हे विकणाऱ्याला कधीही सांगू नका. पाकीट त्या दिवसापर्यंत उघडलं जाणार नाही, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने त्याला सांगत असता.

हातोहात व्यवहार दादरच्या मधल्या पुलावर झाला, संध्याकाळी पावणेसातला. म्हणजे तुम्हाला कल्पना आहे. तो स्वतः आला नाही, एक पोरगा पाठवला. बबल रॅपमध्ये गुंडाळलेली डबी, वर चिकटपट्टीचे चार वेढे. "सर, फोडू नका, सीलची किंमत जाईल." खाली अंधेरी स्लो लोकल लागली होती. मागून लोक ढकलत होते. उरलेले ३,३०० मी उभ्याउभ्या यूपीआयने पाठवले आणि जिना उतरलो.

आता ते सांगतो, ज्याने गेले दोन महिने माझी झोप खाल्ली आहे.

घरी आल्यावर बबल रॅप काढला. आत पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट बसलेलं, चित्र सुरेख, सगळं झकास. माझ्याकडे आधीच्या सात-आठ ब्लू-रे आहेत. त्यांच्याच रांगेत ही उभी केली. ही वर डोकावत होती. बोटभर. ब्लू-रेची डबी बुटकी असते, सतरा सेंटिमीटरच्या आसपास, आणि बहुधा निळी. डीव्हीडीची एकोणीस. माझ्या हातात होती ती उंच आणि काळी, म्हणजे डीव्हीडीची डबी. हे मला माहीत होतं! कोणी शिकवायची गरज नव्हती. बायको म्हणाली, "अहो, ही एकच मोठी का?" मी तिला सांगितलं, स्पेशल एडिशन आहे, यांची पॅकिंग वेगळी असते. कुठून आलं हे वाक्य माझ्या तोंडात? मग एकवीस दिवस रोज सकाळी देवाला हात जोडताना शेजारच्या फळीवर ती बोटभर वर आलेली कड मला दिसायची, आणि रोज मी नजर वळवायचो. सील फोडून बघितलं असतं तर तेव्हाच धरला असता. पण सीलची किंमत जाईल ना!

वाढदिवसाला भाचीने सगळ्यांसमोर डबी उघडली. चकती खालून जांभळी. कारखान्यातून छापून येते ती चंदेरी असते. जांभळी म्हणजे घरी कॉम्प्युटरवर भाजलेली. तिच्या लगेच लक्षात आलं. "मामा, मस्त," एवढंच म्हणाली आणि झाकण लावलं. रात्री फोन केला तिने. पिक्चर चौकोनी होता, दोन्ही कडा कापलेल्या. दोन पऱ्या झग्याच्या रंगावरून भांडतात त्या प्रसंगात एक परी चौकटीबाहेरूनच बोलत होती. कोपऱ्यात चॅनलच्या लोगोवर धुरकट ठिपका. पंचाहत्तर मिनिटांचा पिक्चर बहात्तरमध्ये आटोपला. टीव्हीवरून उतरवलाय, पॅल या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस फ्रेम धावतात म्हणून लवकर संपतो, हेही तिनेच समजावलं. आणि ते घट्ट प्लॅस्टिक? श्रिंक रॅपचा रोल कुठेही मिळतो, हेअर ड्रायरने बसतो.

नंबर बंद, खातं गायब. हे तुम्ही ओळखलंच असेल.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना सर? मग व्यवहार अधिकृत आहे." पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या साहेबांनी रक्कम ऐकली आणि पेन खाली ठेवलं. "काका, इथे चाळीस-चाळीस लाखवाले बसलेत." बरोबर आहे. पण मग चार हजारवाल्याने कुठे बसायचं? म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरच्या टेबलावर म्हणाले, माल हातोहात घेतलात, हा ऑनलाइन गुन्हा नाही, जिथे घेतलात तिथे जा. तिथे म्हणाले, पूल रेल्वेचा आहे. एकाने तर विचारलं, "कार्टून होतं ना? मोबाईलवर बघायचं की." एक हवालदार भला होता, त्याने चहा दिला आणि सांगितलं की जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. दोन अर्ध्या दिवसांच्या रजा टाकून माझ्या पदरात एवढंच ज्ञान पडलं. लेखी पोच कोणी दिली नाही. मागितली तर "अर्ज ठेवून जा." ठेवला. त्या गठ्ठ्यात माझ्या आधीचे किती असतील ते मी डोळ्यांनी बघितलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला मी फोन केला तो बाविसाव्या दिवशी. तो नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. म्हणजे पाकीट त्याच दिवशी फोडा, भेट असली तरी. पैसे देण्याआधी चकती उलटी करून बघा आणि मधल्या कड्यावर बारीक छापलेले नंबर आहेत का ते पाहा. पोरगा घाई करत असेल तर लोकल जाऊ द्या, मागून दुसरी येते.

काल त्याच फोटोची नवी जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. तीच निळी डबी, खाली हिरव्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, डाव्या कोपऱ्यात चार्जरची वायर. भाव आता ४,२००. मी खाली "चोर आहे" लिहिलं. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं, म्हणून इथे लिहितोय. टेबलक्लॉथ लक्षात ठेवा.